खळ, बुरशी आणि सासूबाईंचा शालू

गेल्या ऑगस्टमध्ये ठाण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, आईच्या साडीला बुरशी लागलीय गं. काळे ठिपके पडलेत आणि कुबट वास येतोय. बुरशी घालवायचा फवारा आणलाय बाजारातून. मारू का?"

मी विचारले, "कापड कुठलं आहे?"

"त्याने काय फरक पडतो? बुरशी ती बुरशीच ना?"

मी तिला बाटलीवरची बारीक अक्षरे वाचायला लावली. सोडियम हायपोक्लोराइट. म्हटले, "ठेव ती बाटली खाली. आज काहीसुद्धा करू नकोस. साडी कपाटातून काढ, दांडीवर पसर, पंखा लाव. उद्या बोलू."

साडी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लग्नातली रेशमी नारायणपेठ. बहीण २०२३ मध्ये गेली. तिच्या वस्तूंपैकी भाचीने हट्टाने मागून घेतलेली तेवढी एकच. फोन ठेवला, पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण "कापड कुठलं आहे" हा साधा प्रश्न १९७९ साली मी स्वतःला विचारला नव्हता. ती हकिगत घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, नव्यांना नाही. आज लिहूनच टाकते.

आमचे घर राजापूर तालुक्यात. कोकणातला आषाढ ज्यांनी काढला आहे त्यांना काही सांगायला नको. मिठाला पाणी सुटते, काडेपेटी पेटत नाही, कोपऱ्यातल्या चपलांवर एका रात्रीत पांढरी लव येते. त्या वर्षी धाकट्या नणंदेची पहिली मंगळागौर होती आणि तिने आईचा शालू नेसावा असे ठरले होते. डाळिंबी रंगाचा, १९३७ सालचा. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, तर पदराच्या घड्यांवर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि वास असा की तोंड फिरवावे. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. एखादं ऊन पडलं की बघू."

पण मी नोकरी करणारी, शिकलेली सून! ऊन कधी पडणार याची वाट बघत बसायला मला वेळ नव्हता. विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर येत असे, ती शाळेतही असायची. (टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडरच. आपल्याकडच्या उष्ण हवेत टिकावी म्हणून चुना जास्त घालून केलेली.) तिने कसलाही डाग जातो असे मी ऐकून होते. एक पुडी बांधून आणली. सासूबाई शेजारी गेलेल्या पाहून अर्धी बादली पाण्यात दोन चमचे पावडर कालवली, पदर त्यात बुडवला आणि शाळेत गेले. दुपारी येऊन पाहते तो डाळिंबी रंगाचा फिकट पिवळा झालेला, जर काळवंडलेली, आणि पिळायला हातात घेतला तर पदर भिजलेल्या कागदासारखा माझ्या बोटांत आला.

सासूबाई आल्या, बादलीत पाहिले. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागले. एवढेच म्हणाल्या, "विहिरीत घालायची पावडर ती. शालूत कशाला घातलीस गो?"

मंगळागौरीला नणंद माझी साडी नेसली. सासूबाईंनी पदर कापून टाकला आणि उरलेल्या शालूचे माझ्या मुलीला परकर-पोलके शिवले. त्यातला तिचा फोटो अल्बममध्ये आहे. फोटो कृष्णधवल, त्यामुळे डाळिंबी रंग काही दिसत नाही.

असो.

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. तह, लढाया, सनावळ्या. त्या पुस्तकांत धुणे कुठेच नव्हते. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा जिथे तिथे मला कपडे धुण्याचेच उल्लेख दिसायला लागले! अपराधी मन कुठे काय शोधेल सांगता येत नाही.

मनुस्मृतीतल्या बऱ्याच गोष्टींशी माझे भांडण आहे आणि ते मिटायचे नाही. पण पाचव्या अध्यायात वस्तू शुद्ध करण्याचे जे नियम आहेत, त्यांत कापडांचा एक श्लोक आहे तो पाहून मी थबकले. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, पहाडी लोकरीच्या घोंगड्या रिठ्याने, तलम वस्त्रे बेलफळाने आणि जवसाच्या धाग्यांची, म्हणजे क्षौम वस्त्रे पांढऱ्या मोहरीने धुवावीत, असा त्याचा अर्थ. त्यातले कुठले द्रव्य किती कामाचे यावर वाद घालता येईल. खारी माती रेशमाला मी तरी लावणार नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला एवढे ठाऊक होते की आधी कापड ओळखायचे आणि मग हात लावायचा. बी.ए. झालेल्या मला ते ठाऊक नव्हते.

कौटिल्य तर परटाच्या मागे हात धुऊनच लागला आहे. अर्थशास्त्रात म्हटले आहे की परटाने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच आपटावेत. दुसरीकडे आपटून फाडले तर भरपाई आणि वर सहा पण दंड. परटाच्या स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण हवी, म्हणजे गिऱ्हाइकांचे कपडे अंगावर घालून मिरवला तर लगेच कळेल. दुसऱ्याचे कपडे विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले तर बारा पण. आणि कापड किती पांढरे करायचे त्याप्रमाणे ते परत करायचे दिवस ठरलेले. शुभ्रतेच्या पायऱ्या आहेत त्यात, आणि वरच्या पायरीला एकेक दिवस जास्त. पांढरेपणाला वेळ लागतो हे राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. मी दुपारच्या चार तासांत उरकायला निघाले होते.

खास बुरशीबद्दलचे जुने लिखाण मात्र मला बायबलात सापडले. पंडिता रमाबाईंनी अख्खे बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणले हे आपण शाळेत शिकवतो, पण ते उघडून पाहतो कोण? जुन्या करारात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्याच्या तेराव्या अध्यायात कपड्याला लागलेल्या 'कोडा'चे नियम आहेत. लोकरीच्या, तागाच्या किंवा कातड्याच्या वस्तूवर हिरवट किंवा तांबूस डाग पडला तर तो याजकाला दाखवायचा. त्याने ती वस्तू सात दिवस बंद करून ठेवायची. डाग पसरला तर जाळून टाकायची. पसरला नसेल तर धुवायची आणि आणखी सात दिवस ठेवायची. तरीही डागाचा रंग बदलला नाही तर जाळायची, फिका झाला असेल तर तेवढाच तुकडा फाडून काढायचा, आणि गेलाच असेल तर पुन्हा एकदा धुतली की शुद्ध. ही बुरशीच असावी असे बरेच अभ्यासक मानतात. मला त्यातले आवडले ते थांबणे. पसरतेय का नाही हे सात दिवस पाहायचे, मग ठरवायचे. सासूबाईंच्या "ऊन पडलं की बघू" मध्ये आणि यात मला फारसा फरक वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बुरशी खाते काय?

सासूबाईंचा एक नियम होता, "खळीचं कापड ट्रंकेत जाता नये." सुती पातळ असो, धोतर असो, खळ केलेले असेल तर साध्या पाण्यातून काढून, खळ घालवून, कडकडीत वाळवूनच आत. आम्हा सुनांना ते दुप्पट काम वाटायचे. पुन्हा नेसायच्या वेळी खळ करायचीच आहे ना? मग काढायची कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला पार इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात मिळाले, आणि तिथपर्यंत जायला कारण आपली मुंबईच.

मागावर ताणलेल्या सुताला बळकटी यावी म्हणून खळ देतात हे सगळ्यांना माहीत आहे. पिठाची पेज, थोडी चरबी, बस्स. लँकेशायरच्या गिरण्याही आधी तेवढेच करायच्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला आणि सूत सोन्याच्या भावाने जायला लागले. (याच युद्धाने मुंबईचे कापूस-व्यापारी रातोरात गबर झाले आणि १८६५ मध्ये तितक्याच झपाट्याने बुडाले. हे मात्र आम्ही वर्गात शिकवायचो.) महाग सूत कमी वापरून कापड जड कसे करायचे? तर खळीत चिनी माती घालायची. आपण कपबशा करतो ती पांढरी माती, कॉर्नवॉलच्या खाणींतली. मातीला धरून ठेवायला पीठ जास्त. सूत मऊ आणि ओलसर राहावे म्हणून हवेतले पाणी ओढून घेणारे क्षार, मॅग्नेशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड. सुताच्या वजनाइतकी भर घालण्यापर्यंत काहींची मजल गेली. गिऱ्हाईक कोण? हिंदुस्थान आणि चीन. कोरे, न धुतलेले, हाताला भरभक्कम लागणारे कापड. पहिल्या धुण्यात माती पाण्याबरोबर जायची आणि हातात जाळीदार फडके उरायचे.

आता ही सगळी पाककृती पुन्हा वाचा. पीठ, चरबी आणि हवेतून पाणी ओढणारे मीठ. बुरशीला यापेक्षा चांगले जेवण कोणी वाढले असते? असे कापड गठ्ठ्यांत दाबून, जहाजाच्या कोंदट तळात घालून पाठवायचे. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, त्याआधी तर आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने. मुंबईत आणि कलकत्त्यात गठ्ठे उघडले की हिरवे, तपकिरी, काळे ठिपके. मग व्यापारी म्हणे गिरणीवाल्याचा दोष, गिरणीवाला म्हणे जहाजात पाणी शिरले असेल. भांडणे इतकी वाढली की रसायनशास्त्रज्ञांना साक्षीला बोलवायची पाळी आली. १८८० साली जॉर्ज डेव्हिस आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 'साइझिंग अँड मिल्ड्यू इन कॉटन गुड्स' असे एक आख्खे पुस्तकच काढले. साइझिंग म्हणजे खळ आणि मिल्ड्यू म्हणजे बुरशी. हाच डेव्हिस पुढे केमिकल इंजिनिअरिंग या शास्त्राचा एक जनक मानला गेला. (माझ्या केमिकल इंजिनिअर जावयाला हे सांगितले तर त्याने मला वेड्यात काढले.)

आणि यावर उपाय काय केला? खळ कमी केली? छे! खळीत विष घातले. झिंक क्लोराइड. म्हणजे बुरशीचे ताट वाढून ठेवायचे आणि त्यात विष कालवायचे. ते बेतशीर असले तर बुरशी थांबायची, कमी पडले तर ठिपके यायचेच. माती आणि वाफ मात्र विणणाऱ्यांच्या छातीत जायची, कारण असले सूत कोरड्या हवेत पटापट तुटते म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडत. ओल्या अंगाने कामगार थंडीत घरी जायचे. त्यांनी तक्रारी केल्या, डॉक्टरांनी अहवाल दिले, आणि शेवटी १८८९ मध्ये कायदा करून शेडमधल्या दमटपणाला मर्यादा घालावी लागली. आपण स्वदेशीच्या धड्यात लँकेशायरच्या कापडाने इथला विणकर कसा मेला ते शिकवतो, आणि ते खरेच आहे. पण त्याच कापडापायी तिकडचा विणकर खोकत होता हे मला निवृत्तीनंतर कळले.

तर सासूबाईंच्या नियमाचे कारण हे. बुरशी सहसा आधी कापडात आपण घातलेले खाते. खळ, घाम, सांडलेली आमटी, नीट न गेलेला साबण. मग सुताकडे वळते, कारण सूत हेही पिठाचेच चुलतभावंड आहे. रेशमाचा धागा तिला सुतापेक्षा जड जातो. त्या शालूवरची बुरशी बहुधा पदरावरच्या घामावर आणि हळदीकुंकवाच्या, पंगतींच्या डागांवर पोसलेली होती. धागा तिने फारसा खाल्लाच नव्हता. तो मी खाल्ला!

कसा, ते सांगते. कापड पांढरे करणे हे पूर्वी महिन्यांचे काम होते. युरोपात हॉलंडची त्यासाठी ख्याती होती. राखेच्या क्षारात भिजवायचे, आंबट ताकात बुडवायचे आणि हिरवळीवर दिवसचे दिवस उन्हात पसरायचे, पुन्हा पहिल्यापासून. शेले या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वायू शोधला. त्याने रंग उडतो हे पाहून बेर्तोले या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ च्या सुमारास तो कापडावर वापरून दाखवला. पण वायू हाताळणार कसा? १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तो चुन्यात मुरवून पावडर केली आणि तिचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम तासांवर आले, कुरणे मोकळी झाली. ती पावडर केली होती सुती आणि तागाच्या कापडासाठी, म्हणजे झाडापासून आलेल्या धाग्यांसाठी. रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून येतात. ते धागे म्हणजे प्रथिने, आपले केस किंवा नखे असतात तसे. क्लोरीनचे ब्लीच त्यांना नुसते पांढरे करत नाही, विरघळवते. एवढी एक ओळ मला १९७९ साली कुणी सांगितली असती तर! पण सांगायला मी विचारले कुणाला होते? गावात एक माणूस होता ज्याला हे पक्के ठाऊक होते, आणि तो आमच्या घरी दर आठवड्याला येत असे.

आमचा परीट. बलुत्यावर चालणाऱ्या जुन्या घरांपैकी ते एक. भट्टीचे कपडे वेगळे, बिनभट्टीचे वेगळे, आणि रेशमाचे गाठोडे तो हातात घ्यायच्या आधी हात पुसायचा. सोड्याच्या पाण्यात भिजवलेले सुती कपडे मोठ्या भांड्यावर रचून खालून वाफ द्यायची, ती भट्टी. वाफेने मळ सुटतो आणि बुरशीही मरते. मग दगड, मग वाहते पाणी, मग ऊन. कुणाचे कापड कुठले ते ओळखायला बिब्ब्याच्या रसाची खूण, जी कापड फाटेपर्यंत जात नाही. (दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर आणि कमरेवर फोड यायला लागले, त्याचे मूळ त्यांच्या डॉक्टरांनी शोधले ते या बिब्ब्याच्या खुणेतच निघाले.) मराठीत 'परीटघडी' हा शब्द नीटनेटकेपणासाठी राहिला, पण परटाला विचारून कापड धुवावे ही रीत राहिली नाही. गाडगेबाबा परीट कुळात जन्मले आणि त्यांनी हातात खराटा घेतला याचे आपल्याला कौतुक, आणि दारात आलेल्या परटाला आपण एक प्रश्न विचारत नाही. मी तरी विचारला नाही. शालूचे झाले ते कळल्यावर तो एवढेच म्हणाला, "बाईंनू, माका सांगलं असतं तर."

युद्धावरून आठवले. त्याच महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, पट्टे, कपडे बुरशीने इतक्या झपाट्याने कुजत की शत्रूपेक्षा तिचीच धास्ती. म्हणून कुजलेल्या वस्तूंवरच्या बुरश्या गोळा करून प्रयोगशाळेत ठेवल्या. सॉलोमन बेटांवरच्या कुजक्या सुती कापडावर सापडलेली एक जात फार खादाड निघाली. सूत पचवणारा पाचकरस, सेल्युलेज, ती भरपूर सोडते. पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी नाव मिळाले. गंमत अशी की आज कारखान्यांत ती मुद्दाम वाढवतात. तिच्या पाचकरसाने जीन्सच्या कापडाला जुनेपणाचा रंग देतात, आणि कपडे धुण्याच्या पावडरींतही सुतावरची बारीक लव काढायला असली सेल्युलेज घालतात. म्हणजे ज्या चोराने तंबू खाल्ले त्याच्या जातभाईंनाच आपण धुणीभांड्यांना ठेवले आहे.

मराठीला बुरशीचा भलताच राग. जुनाट विचारांना आपण 'बुरसटलेले' म्हणतो. पण पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, तिथे पेनिसिलीन तयार झाले ते बुरशीपासूनच. आणि त्या कुबट वासाचे सांगायचे तर, पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यातले जिओस्मिन नावाचे द्रव्य काही बुरश्याही तयार करतात. तोच वास अंगणात आला की आपण दार उघडतो आणि ट्रंकेत आला की नाक धरतो. त्यावर अत्तर शिंपडून काही होत नाही. कापडात ओल आहे तोवर वास तयार होतच राहतो.

या सगळ्या वाचनाचा उपयोग मला एकदाच झाला, पण झाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शिरले, बाजारपेठेत माणूस बुडेल एवढे. ती मंगळागौरीची नणंद आता चिपळूणलाच असते. चौथ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तिची कपाटे चिखलाने भरलेली आणि आतल्या घड्यांवर बुरशी धरू लागलेली. शेजारी सगळे एकाच पिंपात ब्लीच ओतून त्यात सगळेच कपडे बुडवत होते. मी आधी पाच ढीग केले. पांढरे सुती, रंगीत सुती, टेरिकॉटसारखे, लोकरी, रेशमी. सगळ्यांतला चिखल नुसत्या गार पाण्याने काढला, कारण साबण आधी लावला तर चिखल बसतो. मग पांढऱ्या सुतीला गरम पाणी, सोडा, आणि अगदी सौम्य ब्लीच. पुराचे पाणी गटाराचेही असते, तिथे ब्लीच हवेच. रंगीताला साबणपावडर आणि गरम पाणी, ब्लीच नाही. रेशमाला आणि लोकरीला रिठ्याचे कोमट पाणी, चोळणे नाही, पिळणे नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे. एका शेजारणीने ब्लीचच्या बादलीत संडास धुवायचे अ‍ॅसिड ओतायला घेतले तेव्हा मी ओरडलेच. त्याने क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. व्हिनेगरनेही सुटतो, म्हणून ब्लीचबरोबर काहीच आंबट चालत नाही.

पण धुतले तरी वाळवायचे कुठे? बाहेर पाऊस, घरात वीज नाही. लहानपणी आम्ही शेगडीवर डालगे पालथे घालून त्यावर बाळाची दुपटी वाळवायचो, पण चार कपाटे कपडे? शेवटी भाच्याने टेम्पोत ओले ढीग भरले आणि कुंभार्ली घाट चढून कराडला नातेवाइकांकडे नेले. तिथल्या गच्चीवर, उघडिपीत, तीन दिवस. जे गेले ते वाचले, जे मागे राहिले ते बरेचसे फेकावे लागले. नणंद त्या ढिगांकडे बघत मला म्हणाली, "वहिनी, शालू फुकट नाही गेला हो." बेचाळीस वर्षांनी बोलली.

आता भाचीचे. दुसऱ्या दिवशी फोनवर मी तिला पाठीमागून सुरुवात करायला लावली. कपाट बाथरूमच्या भिंतीला चिकटून, भिंतीला ओल. ते आधी हलवले. आतले सगळे बाहेर, फळ्या पुसून पंख्याखाली कोरड्या. साडीवर अस्तराला आणि फॉलला खळ होती, फॉल उसवून टाकला. ठिपके पूर्ण वाळल्यावर गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने हलकेच झाडायला सांगितले. ओले असताना पुसले तर काळे आत जाते, आणि घरात झाडले तर बी सगळीकडे पसरते. मग सावलीत, वाऱ्यावर चार दिवस. रेशमाला कडक ऊन नको, रंग उडतो. वास तेवढ्यानेच बराच गेला. पदराच्या कोपऱ्यावर रंग उतरत नाही याची खात्री करून मग रिठ्याच्या पाण्यातून एकदा काढली. सुती पांढरे कापड असते तर लिंबू-मीठ लावून उन्हात घाल म्हटले असते किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड सांगितले असते. हिरव्या रेशमावर तो प्रयोग मी करू दिला नाही.

"डांबराच्या गोळ्या टाकू का आता?" तिने विचारले. त्या कसरीसाठी, म्हटले. कसर हा किडा, बुरशी ही वनस्पतीसारखी दिसणारी पण वनस्पतीही नसलेली वेगळीच जात. गोळ्यांच्या वासाने किडे पळतात, बुरशीला ओल थांबवल्याखेरीज इलाज नाही. आणि भाचीच्या सुनेला दिवस गेलेले आहेत, म्हणून हेही बजावले की त्या गोळ्यांतले कपडे बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात एक कमतरता असते, त्यांना त्या वासाने कावीळ होऊ शकते. आमच्याकडे वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवत, तेही किड्यांसाठीच. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस संपून ऊन पडले की सगळ्या ट्रंका अंगणात उघडायच्या हा खरा उपाय, आणि तिच्या फ्लॅटला अंगण नाही. मग निदान महिन्यातून एकदा कपाट उघडे टाकून पंखा.

ठिपके सगळे गेले नाहीत. जुन्या बुरशीचा काळा रंग धाग्यात उतरलेला असतो, तो निघत नाही, आणि काढायला गेले तर काय होते ते मला माहीत आहे. दिवाळीत भाची ती साडी नेसून आली. मी चष्मा लावून बराच वेळ शोधले. शेवटी तीच हसून म्हणाली, "मावशी, ते निऱ्यांत गेलेत."